साडेआठ मीटर, वर चार बोटं

खोली पाहायला गेले तेव्हा घरमालकांनी मला नोकरी कुठे, गाव कोणतं, जेवणात काय चालतं, यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "मॅडम, बटाटा मूळ आहे का खोड?"

मी इतिहास शिकवते. जमिनीखाली सापडतं ते मूळ, इतपत माझी समज होती आणि ती मी ठामपणे सांगितली. ते काही वेळ माझ्या चपलांकडे पाहत राहिले. मग आत तोंड करून म्हणाले, "वरची खोली दे यायले."

"अन खालची?" आतून काकूंचा आवाज आला.

"खालची खोड म्हणणाऱ्याले."

खालच्या खोलीला स्वतंत्र दार आणि अंगण होतं. मी त्या घरात सहा वर्षं राहिले आणि सहाही वर्षं ती रिकामीच होती. बरोबर उत्तर देणारा एक जण मध्यंतरी आला होता, पण बोलता बोलता त्याने अंगणात प्लास्टिकचं गवत अंथरलं तर चालेल का, असं विचारलं.

बटाट्याचा खुलासा मला त्याच संध्याकाळी मिळाला. "बटाट्याले डोळे असतात. डोळा म्हणजे कोंब, अन कोंब फुटते तो खोडाले. मुळाले पेरं नसतात, पानं नसतात. रताळं घ्या, गाजर घ्या, बीट घ्या. ही साठवणारी मुळं. माणूस पोत्यानं बटाटे खाते, अन त्याले माहीत नसते का आपण खाऊन काय राहिलो."

मी ज्या महाविद्यालयात लागले तिथेच या घरमालकांनी, म्हणजे सरांनी, आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं होतं. मी आले त्याच्या दोन वर्षं आधी ते निवृत्त झाले. स्टाफरूममध्ये त्यांचं नाव 'मूळवाले सर'. जुलैपासून दिवाळीपर्यंत ते फक्त मुळं शिकवत. खोड, पान, फूल, फळ हे उरलेलं झाड दिवाळीनंतर पंधरा दिवसांत उरकत. तरी पोरं पास होत. मुळांवरचा एक प्रश्न ती इतका लांब लिहीत की तपासणारा थकून पुढच्या उत्तरांनाही गुण देऊन टाकी, असं म्हणतात.

फुलांना ते जाहिरात म्हणत. "वरचं सगळं दुकान हाय. कारखाना खाली." या मताचा फटका काकूंना बसला होता. "चाळीस वर्षं झाली लग्नाले, एक गजरा नाही आणला या माणसानं," त्या मला सांगत. "एकदा आणली जुडी. मी म्हटलं, आज काय झालं बाप्पा? पाहते तर मुळे."

"पांढरे स्वच्छ मुळे होते," सर पेपरातून मान वर न करता म्हणत.

शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी एक जुना टूथब्रश असे आणि त्याच्या शेजारी भिंग. रस्त्याकडेला कोणी गवत उपटून टाकलेलं दिसलं की ते उकिडवे बसत, ब्रशने माती झाडत आणि मुळांची टोकं तपासत. बाजारात सांबार, म्हणजे कोथिंबीर, घ्यायला गेले की मुळं छाटलेली जुडी परत करत. भाजीवाली आता ओळखीची झाली होती. ती त्यांना लांबून पाहिलं की ओरडे, "या सर, तुमच्यासाठी मातीसकट ठेवली." स्वयंपाकघरात ती माती काकू निस्तरत. वर्षातून एकदा तुळस कुंडीतून बाहेर निघे, तिची कुंडीच्या कडेने गोल गोल फिरलेली मुळं कात्रीने कमी केली जात आणि ती परत आत जाई. काकू त्याला तुळशीची हजामत म्हणत आणि त्या दिवशी देवघराकडे बघून हात जोडत.

खिडकीत काचेचे पेले ओळीने मांडलेले. काच आणि ओला टीपकागद यांच्यामध्ये हरभरा, मका, तूर. मूळ खाली गेलं की सर पेला आडवा करत. दुसऱ्या दिवशी मुळाचं टोक कोपऱ्यात वळल्यासारखं पुन्हा जमिनीकडे वळलेलं असे. मग ते पेला उलटा करत. मूळ पुन्हा वळे. मी एकदा म्हटलं, "सर, बिचाऱ्याला किती छळाल?" ते म्हणाले, "छळ नाही, मॅडम. ते एकदा तरी चुकते का, ते पाहून राहिलो."

ते चुकायचं नाही.

हरभऱ्याच्या मुळावर गाठी असतात. त्यात राहणारे जिवाणू हवेतला नायट्रोजन झाडाला लागेल असा करून देतात. ती गाठ नखाने फोडून सर दाखवत. आतून गुलाबी निघाली तर गाठ काम करते आहे, राखाडी निघाली तर तिचं काम संपलेलं. आमच्या महाविद्यालयातल्या माणसांची विभागणीही ते याच दोन रंगांत करत. निवृत्त सहकाऱ्यांच्या स्नेहमेळाव्याचं निमंत्रण आलं तेव्हा म्हणाले, "राखाडी गाठींचं संमेलन हाय, जाऊन येतो." स्वतःचा रंग कोणता, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

त्यांची कीर्ती मात्र झाली ती आमच्या वार्षिक समारंभात. प्रमुख पाहुणे शाल खांद्यावर आल्यापासून पाऊण तास बोलत होते. शेवटी त्यांनी हात उंचावला. "आपण नागपूरकर संत्र्याच्या झाडासारखे आहोत. आपण आपल्या मुळांना कधीही विसरत नाही!" टाळ्या झाल्या. टाळ्या थांबल्यावर मागच्या रांगेतून सर उभे राहिले.

"साहेब, संत्र्याचं मूळ संत्र्याचं नसते."

प्राचार्यांनी डोळे मिटले.

"जंबेरीच्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधतात. खाली सगळं लिंबू हाय. अन ते विसरतच नाही म्हणाल तर लोक रोज विसरतात, बुडाशी माती चढवतात, जोड मातीत गाडतात, मग झाडाले डिंक्या होते, बुडातून डिंक गळते. दुसरं असं का मूळ मागे नसते, साहेब. ते पुढे जाते. टोकावर त्याले टोपी असते, ती मातीत घासून झिजते अन नवी येते. झाडात सगळ्यात नवीन असलेली गोष्ट म्हणजे मुळाचं टोक." एवढं बोलून ते बसले. पाहुणेही शाल सावरत बसले. त्यानंतर आमच्या समारंभांत भाषणं आटोपशीर होऊ लागली. सरांना निमंत्रण नेहमी उशिरा पोहोचे.

एवढं सगळं बारकाईने पाहणाऱ्या माणसाच्या घरात, बाथरूमच्या मागच्या भिंतीवर, पाइपाजवळच्या फटीत पिंपळाचं एक रोप होतं. पक्ष्याच्या विष्ठेतून बी पडून उगवलेलं. नागपुरात असं रोप घरोघरी उगवतं आणि घरोघरी लोक ते उपटतात. सरांनी ते ठेवलं, कारण त्याची मुळं भिंतीवरून उघडी खाली येत होती आणि उघडी मुळं मोजता येतात. दर महिन्याला मूळ कुठवर आलं तिथे ते खडूची खूण करत आणि शेजारी तारीख लिहीत. पावसाने खडू गेला की पुन्हा गिरवत. भिंत तापमापकासारखी दिसे. "उपटा ते," काकू दर दिवाळीला म्हणत. "प्रयोग चालू हाय," सर म्हणत. मी राहायला येण्याच्या थोडं आधी मूळ जमिनीला टेकलं होतं. तिथे जोत्याच्या कडेला त्यांनी तैलरंगात, म्हणजे कायमचं, लिहून ठेवलं होतं: 'मातीत प्रवेश', आणि तारीख. मग वही बंद. आता मोजण्यासारखं काही उरलं नव्हतं.

माझ्या पाचव्या उन्हाळ्यात अंगणातल्या, जमिनीखालच्या टाकीचं पाणी जाऊ लागलं. सकाळी नळाने भरलेली टाकी दुपारी अर्धी. सर शिडी लावून आत उतरले आणि साधूच्या दाढीएवढा मुळांचा झुपका घेऊन वर आले. "टाकीले आधीच चीर असेल. मूळ काही भिंत फोडत नाही, ते फटीत शिरते अन मग जाड होते. आत ओल भेटली, फोफावलं." त्यांनी जाड टोक कापलं. पांढरा चीक ठिबकला. सरांनी मान वर केली आणि कुंपणाच्या भिंतीपलीकडे पाहिलं.

पलीकडे शेठचं घर होतं. गांधीबागेत त्यांचं कापडाचं ठोक दुकान. त्यांच्या अंगणात, आमच्या भिंतीला लागून, एक मोठा उंबर होता. त्याच्या बुंध्याशी शेठची आई दर गुरुवारी दिवा लावी. सगळी गल्ली तिला आजी म्हणे.

"चिकाचं दुसरं झाड या गल्लीत नाही," सर म्हणाले. तपास चार मिनिटांत संपला. मी इतिहासवाली, एका साधनावर निष्कर्ष काढू नये, एवढं तरी मी म्हणायला हवं होतं. पण बटाट्यापासून माझा या विषयातला आत्मविश्वास गेलेला होता.

सरांनी शेठकडे एवढंच मागितलं की आपल्या बाजूला आलेली मुळं छाटू द्यावीत. शेठ फारच मऊ बोलले. "सर, मुळं काहून छाटता? तुमच्या घराले धोका असंन तर झाडच काढून टाकतो. फक्त तुम्ही ते लिहून द्या. तुमच्यासारख्या माणसाचं वजन पडते."

शेठनी त्याच महिन्यात मोठी गाडी घेतली होती आणि ती अंगणात ठेवायला जागा नव्हती. हे गल्लीतल्या सगळ्यांना माहीत होतं, सरांनाही होतं. पण निवृत्तीनंतर त्यांच्याकडून कोणी काही लिहून मागितलं नव्हतं. त्यांनी दोन पानं लिहिली, आकृती काढली, खाली सही आणि पदवी. ती पानं शेठच्या अर्जाला जोडली गेली आणि महापालिकेची परवानगी इतक्या झटपट आली की निदान तेव्हा तरी शंका यायला हवी होती. सोमवारी सकाळी माणसं झाड तोडायला येणार असं ठरलं.

शनिवारी आजी काठी टेकत आमच्या फाटकाशी आल्या. आत या म्हटलं तर आल्या नाहीत.

"मास्तर, तुमी लिवून देल्लं म्हणे."

"हौ आजी. मूळ उंबराचंच हाय."

"तुमी पायलं?"

"चीक पाहिला ना."

"चीक पायला," आजी म्हणाल्या. "मूळ कुठून आलं ते पायलं का?"

 उत्तरासाठी न थांबता आजी काठी टेकत परत गेल्या.

रविवारी सकाळी सहालाच खालून खुरप्याचा आवाज येऊ लागला. मी गेले तेव्हा टाकीपासून चर खणायला सुरुवात झाली होती. सरांनी माझ्या हातात पाण्याचा पाइप दिला. पद्धत अशी: कुदळ फक्त वरच्या मातीला, मुळाजवळ आलं की खुरपं, मुळावर फक्त पाणी आणि टूथब्रश. मूळ तुटता कामा नये. उत्खननात आमचे लोक करतात त्याहून हे काम हळू चाललं होतं.

पहिलं हातभर मूळ सरळ उंबराकडे गेलं. सर खुश होते. मग एक मोठा दगड लागला आणि मुळाने वळण घेतलं. "वळसा घेऊन पुन्हा भिंतीकडे येईन," सर म्हणाले. ते आलं नाही. ते आमच्याच घराच्या कडेने निघालं. "घेईन वळसा," ते आणखी दोनदा म्हणाले, पण आवाज उतरत गेला. मे महिन्याचं ऊन डोक्यावर यायला लागलं होतं. साडेदहाच्या सुमाराला ब्रश बाथरूमच्या मागच्या जोत्याशी पोहोचला. मनगटाएवढं जाड मूळ तिथे जमिनीतून वर निघत होतं, आणि त्याच्या अगदी शेजारी त्यांच्याच वळणदार अक्षरात, तैलरंगात, लिहिलेलं होतं: 'मातीत प्रवेश'.

सर चरात खाली बसले.

मला नंतर कळलं ते असं. पिंपळ आणि उंबर एकाच कुळातले, दोघांनाही पांढरा चीक. हे सरांना झोपेतही सांगता आलं असतं. पण गल्लीतली चिकाची झाडं आठवताना त्यांना तो पिंपळ आठवला नाही, कारण त्यांच्या लेखी ते झाड नव्हतं. तो प्रयोग होता, आणि तोही पूर्ण झालेला.

काकू चहा घेऊन आल्या. त्यांनी चराकडे पाहिलं, भिंतीवरच्या अक्षरांकडे पाहिलं. "दर दिवाळीले सांगत होती," असं त्या म्हणतील म्हणून मी वाट पाहत होते. त्या म्हणाल्या, "आधी चहा घ्या."

यानंतर मी जे बोलले ते इथे लिहायला हवं. मी म्हटलं, "सर, चर बुजवून टाकू या का? पिंपळ आपण गुपचूप काढू. पाणी जायचं थांबेल. उंबराची परवानगी तर शेठनी काढली आहे, आपण नाही."

सरांनी पहिल्यांदाच माझ्या चपलांऐवजी चेहऱ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुम्ही अजून बटाट्यावरच हाय."

आणि ते चिखलाच्या पायांनी शेठकडे गेले. मी फाटकाशी उभी होते, सगळं ऐकू येत होतं.

"शेठ, माझी चूक झाली. मूळ माझ्या पिंपळाचं हाय. झाड कापू नका."

"सर, मूळ कोणाचंही असो आता. परमिशन आली, माणसं उद्या येऊन राहिली. तुमचं नुकसान तर झालंच ना?"

"माझ्या झाडानं झालं."

"मंग तुम्ही तुमचं काढा, मी माझं काढतो."

या वाक्यात तर्काची चूक दाखवणं अवघड होतं. सर परत आले. मला वाटलं, संपलं. पण त्यांनी वहीची पानं फाडली, त्यावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठ्या लिहिल्या आणि प्रात्यक्षिकाच्या परीक्षेला लावतात तशा टाचण्या लावून चरात ओळीने रोवल्या. 'मुख्य मूळ.' 'उपमुळे.' 'दगड, येथे वळण.' 'टाकीत प्रवेश.' शेवटची चिठ्ठी भिंतीवर होती: 'उगम: घरमालकाचे बाथरूम.' मग फाटक सताड उघडं ठेवलं. संध्याकाळपर्यंत निम्मी गल्ली येऊन पाहून गेली. लोक हसले. एकाने फोटो काढला. सर बाजूला उभे राहून, विचारलं तर सांगत होते. पाणी आणि क्षार मूळ शोषतं ते या जाड भागाने नव्हे, टोकाजवळच्या बारीक केसांनी. जाड भाग फक्त वाहून नेतो आणि धरून ठेवतो. कोणीतरी विचारलं, "मग सर, उंबर काहून कापून राहिले?" त्यावर सर म्हणाले, "माझ्या पत्रामुळे." हे त्यांनी दर विचारणाऱ्याला सांगितलं.

सोमवारी आठ वाजता करवत आणि दोर घेऊन दोघं जण आले. शेठ बाहेर आले. त्यांच्या मागून आजी निघाल्या, पण उंबराकडे न जाता आमच्या फाटकातून आत आल्या. टाकीपासून बाथरूमपर्यंत, चराच्या कडेकडेने, एकेक पाऊल टाकत चालल्या. चिठ्ठ्या त्यांना वाचता येत नव्हत्या. सर वाचून दाखवत होते. भिंतीशी त्या थांबल्या. वर पिंपळाच्या रोपाकडे पाहिलं.

"एवढुसं हाय हे तं."

"हौ."

"अन चुकले तुमी."

"हौ आजी. चुकलो."

आजी वळल्या. शेठ फाटकात उभे होते, त्यांच्या मागे गल्ली. "काहून गा," आजी त्यांना म्हणाल्या, "मास्तरनं आपली चूक खोदून गल्लीले दाखोली. तुले गाडीसाठी जागा पायजे, एवढं तू एकदा तोंडानं बोल. मंग काप."

 शेठनी मोबाइल काढून पाहिला; त्यात काही आलेलं नव्हतं. मग त्या दोघांना म्हणाले, "चहा घ्या तुम्ही. आज नाही होत."

ते दोघं रिकाम्या हाताने परत जाऊ नयेत म्हणून पिंपळ त्यांच्याकडून काढवला. "कापू नोका, पिंपय कापत नाई. काढा अन कुठी तरी लावा," असा आजींचा हुकूम होता. फट मोकळी करून, मूळ न तोडता, सगळं बाहेर काढून रस्त्यावर आडवं ठेवलं. वर हात-दीड हाताचं खोड आणि मोजून अकरा पानं. खाली मूळ आमच्या फाटकापासून शेठच्या फाटकापुढे गेलेलं. शेठना राहवलं नाही. गाडीतून लोखंडी मीटरपट्टी आणून ते उकिडवे बसले आणि दुकानात ताग्यावर चालवतात तसा हात चालवत मोजत गेले.

"साडेआठ मीटर," ते म्हणाले. आणि सवयीने, "वर चार बोटं."

सरांनी वहीत तसंच लिहून घेतलं, चार बोटांसकट. मग करवतीने त्यातलं आठ मीटर कापून टाकलं. "एवढं पुरून उपयोग नाही. नवी मुळं फुटतात, ती जगवतात." रोप त्यांनी नाल्याकाठच्या मोकळ्या जागेत लावलं. ते जगलं.

दुसऱ्याच दिवशी सर महापालिकेत गेले, पत्र मागे घ्यायला. तिथल्या माणसाने सांगितलं की परवानगी मागण्याचा अर्ज असतो, परत करण्याचा नसतो. फाइल चालू आहे. पुढे कोणी झाड तोडायचं म्हटलं तर हाच कागद पुरे. तुम्ही नवं पत्र द्या, फाइलला लावून ठेवतो. सरांनी दिलं. पुढच्या मे महिन्यात ते फाइल पाहायला गेले. जुनं पत्र, दोन पानं आणि आकृती, जागेवर होतं. नवं नव्हतं. त्यांनी पुन्हा दिलं. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. कार्यालयात त्यांना पाहून लोक म्हणत, "आले, मे महिना लागला." शेठची गाडी एव्हाना रस्त्यावर, उंबराच्या फांदीखाली उभी राहू लागली होती, उंबरं आणि पक्ष्यांची विष्ठा तिच्यावर पडू नये म्हणून शेठ तिच्यावर जुनं कापड टाकून ठेवत. झाड तोडण्याचा विषय त्यांनी काढला नाही. पण आजी गेल्या, आणि शेठ घर विकणार असं अधूनमधून कानावर येई. घेणारा फाइल वाचेल, असं सरांना वाटे.

सर गेल्या हिवाळ्यात गेले. शोकसभेत महाविद्यालयाच्या वतीने एक जण बोलला. सर काटेकोर होते, त्यांच्याकडून कधी चूक झाली नाही, असं तो म्हणाला. मी काकूंच्या शेजारी बसले होते. "झाली होती," काकू हळू म्हणाल्या. "साडेआठ मीटर."

या मे महिन्यात त्यांचा फोन आला. मी आता दुसरीकडे राहते. "पोरी, ते पत्र राहिलं वं." मी गेले. खिडकीतले पेले धुऊन पालथे घातलेले होते. सरांची वही काकूंनी काढून ठेवली होती, त्यात मागच्या वर्षीच्या पत्राची प्रत. मी ती उतरवली. फक्त 'मी' होतं तिथे 'माझे पती' केलं. काकूंनी सही केली. आकृती मला काढता येत नाही, म्हणून तीही काकूंनीच काढली. मला वाटलं होतं त्याहून चांगली. दगडाजवळचं वळण त्यांना पाठ होतं.

पत्र असं आहे:

'माझे पती यांनी पूर्वी दिलेल्या पत्रात टाकीतील मूळ शेजारच्या उंबराचे आहे असे लिहिले होते. ते चूक आहे. मूळ आमच्या पिंपळाचे होते. उंबराचा दोष नाही. चर बुजवला आहे, परंतु खात्री करावयाची असल्यास आम्ही पुन्हा खोदून दाखवू. सोबत आकृती एक.'